प्रेषित कोणाला म्हणावे?

(एस. वाय. बी. ए.)

हरिनाम सप्ताह, उरूस, यात्रा यांचे फलक जसे आपल्या जिल्ह्यात गावोगाव लागतात, तसेच सुगी आटोपली की ख्रिस्ती मंडळ्यांच्या उज्जीवन सभांचेही फलक लागतात. पूर्वी या फलकांवर वक्त्यांच्या नावापुढे 'रेव्हरंड', 'पास्टर' किंवा नुसते 'ब्रदर' असे लिहिलेले असे. अलीकडे त्यांत एका शब्दाची भर पडली आहे. तो शब्द म्हणजे 'अपोस्टल'. मराठीत सांगायचे तर 'प्रेषित'.

ज्यांचा ख्रिस्ती धर्माशी फारसा परिचय नाही त्यांना यात विशेष काही वाटणार नाही. पदव्यांच्या जगात आणखी एक पदवी, एवढेच ते म्हणतील. परंतु ज्या घरात दर रविवारी नवा करार वाचला जातो त्या घरातील माणूस हा शब्द वाचून थबकतो. प्रेषित म्हणजे पेत्र, योहान, पौल. दोन हजार वर्षांपूर्वीची ही माणसे. मग आज आपल्या तालुक्याच्या गावी मोटारीतून उतरणारा प्रेषित कोण? त्याला ही पदवी कोणी दिली? आणि ती आपण मान्य करावी की नाही? हा प्रश्न केवळ धर्मपंडितांचा नाही. तो साध्या विश्वासू माणसाचा आहे, कारण त्या पदवीवर भरवसा ठेवून तो आपला दशांश देतो, आपल्या मुलामुलींची लग्ने ठरवतो आणि क्वचित आपला आजारही त्या माणसाच्या हाती सोपवतो. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहे.

प्रथम शब्दाचाच विचार करू. 'अपोस्टल' हा शब्द ग्रीक 'अपोस्तोलोस' या शब्दापासून आला. त्याचा अर्थ 'पाठवलेला'. मराठीतील 'प्रेषित' या शब्दाचाही अर्थ नेमका तोच. मराठीत हा शब्द दोन ठिकाणी वापरला जातो. मुहम्मद पैगंबरांनाही आपण 'प्रेषित' म्हणतो आणि ख्रिस्ताच्या बारा शिष्यांनाही. ख्रिस्ती परिभाषेत मात्र संदेष्टा वेगळा व प्रेषित वेगळा. संदेष्टा देवाचे म्हणणे लोकांना सांगतो. प्रेषित हा पाठवणाऱ्याच्या वतीने एखाद्या ठिकाणी जातो आणि तेथे काम उभे करतो. आणखी एक मौज अशी की 'मिशन' हा आपल्या नगरच्या कानाला इतका परिचित असलेला शब्दही 'पाठवणे' याच अर्थाच्या लॅटिन धातूपासून निघाला आहे. म्हणजे मिशनरी आणि प्रेषित हे शब्द मुळात भाऊभाऊच आहेत. मात्र ज्या शब्दाचा अर्थ 'पाठवलेला' असा आहे, तो उच्चारताच दोन प्रश्न आपोआप उभे राहतात. कोणी पाठवले? आणि कोणाकडे पाठवले? हे दोन प्रश्न बाजूला ठेवले तर प्रेषित हा शब्द पोकळ होतो.

नव्या करारात या शब्दाचा वापर एकाच अर्थाने झालेला नाही. पहिले बारा जण येशूने स्वतः निवडले. त्यांतील यहूदा फितूर झाला, तेव्हा त्याची जागा भरण्यासाठी मत्थियाची निवड झाली. ही निवड कशी झाली ते 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात आहे. सुमारे एकशेवीस माणसे जमली होती. उमेदवार पहिल्यापासून येशूच्या बरोबर असलेला व त्याच्या पुनरुत्थानाचा साक्षी असावा, अशी अट घातली गेली. दोन नावे पुढे आली, प्रार्थना झाली आणि चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की मत्थियाने आपले नाव आपण सुचवले नाही, आणि बारांत गणला गेलेला यहूदाही प्रेषितच होता. म्हणजे प्रेषितपद मिळाले की माणूस घसरत नाही, अशी हमी खुद्द बायबलनेही दिलेली नाही.

पौलाची गोष्ट याहून वेगळी. तो बारांपैकी नव्हता. उलट तो मंडळीचा छळ करणारा होता. त्यामुळे त्याच्या प्रेषितपणाविषयी लोकांनी उघड शंका घेतली. करिंथ येथे तर दुसरे मोठमोठे प्रेषित म्हणवणारे आले आणि पौलाचे महत्त्व कमी करू लागले. पौलाने त्यांना दिलेले उत्तर करिंथकरांस पाठवलेल्या दुसऱ्या पत्रात आहे. आपल्या बाजूने तो कोणते दाखले देतो? फटके, तुरुंग, फुटलेली जहाजे, उपासमार, थंडी, मंडळ्यांची काळजी. शिफारसपत्र हवे असेल तर तुम्हीच माझे शिफारसपत्र आहात, अशा अर्थाचे तो त्या मंडळीला सांगतो. आणि हा माणूस तंबू शिवून पोट भरत होता. रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात युनिया हे एक नाव येते. ती स्त्री होती आणि प्रेषितांत तिची गणना होत होती, असे आज बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे त्या काळीही हा शब्द बारांपुरता बंद नव्हता.

परंतु ज्याअर्थी तो बंद नव्हता त्याअर्थी खोट्या प्रेषितांचा प्रश्नही त्याच काळात निर्माण झाला. इफिस येथील मंडळीने प्रेषित म्हणवणाऱ्यांची परीक्षा घेऊन त्यांना लबाड ठरवले, म्हणून प्रकटीकरणाच्या पुस्तकात तिची वाखाणणी केलेली आहे. याहून रंजक माहिती 'डिडाखे' म्हणजे 'बारा प्रेषितांची शिकवण' या छोट्या ग्रंथात मिळते. हा अतिप्राचीन ग्रंथ शेकडो वर्षे हरवलेला होता. १८७३ मध्ये त्याचे हस्तलिखित कॉन्स्टँटिनोपल येथे सापडले आणि १८८३ मध्ये ते छापले गेले. गावात प्रेषित आला तर काय करावे याचे नियम त्यात आहेत. त्याचे प्रभूप्रमाणे स्वागत करावे. त्याने एक दिवस राहावे, गरज पडल्यास दोन. तिसऱ्या दिवशीही तो हलला नाही तर तो खोटा समजावा. निघताना त्याने पुढच्या मुक्कामापुरती भाकरी घ्यावी. त्याने पैसे मागितले तर तो खोटा. त्या काळच्या साध्यासुध्या माणसांनी किती व्यवहारी कसोट्या लावल्या होत्या हे पाहून नवल वाटते. प्रेषिताचा आदर आणि प्रेषिताची तपासणी या दोन गोष्टी त्यांना परस्परविरोधी वाटल्या नाहीत.

पुढे मंडळी वाढली, तिची व्यवस्था लागली आणि प्रेषितांचा अधिकार कोणाकडे गेला हा वाद सुरू झाला. रोमन कॅथोलिक मंडळीचे उत्तर असे की प्रेषितांनी बिशपांवर हात ठेवले, त्या बिशपांनी पुढच्यांवर ठेवले आणि ही परंपरा आजतागायत अखंड आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांपैकी बहुतेकांनी म्हटले की प्रेषित होऊन गेले. त्यांची शिकवण नव्या करारात आहे, तीच आपली प्रेषितपरंपरा. या दोन्ही मतांत एक समान गोष्ट आहे. आज जिवंत असलेल्या कोणाही माणसाने स्वतःला प्रेषित म्हणवून घेऊ नये, असे दोन्ही बाजू मानतात. लोकांनी आदराने कोणाला तसे म्हटले तर गोष्ट वेगळी. गोव्यात १५४२ मध्ये आलेल्या संत फ्रान्सिस झेवियरला 'भारताचा प्रेषित' म्हटले जाते, पण ती लोकांनी व मंडळीने दिलेली पदवी आहे. मग्दालिया मरियेला फार जुन्या काळापासून 'प्रेषितांची प्रेषिता' म्हणत आले आहेत, कारण पुनरुत्थानाची वार्ता घेऊन ती शिष्यांकडे गेली. तरीही तिच्या सणाला इतर प्रेषितांच्या सणांची बरोबरी मिळायला २०१६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी पोप फ्रान्सिस यांनी तो दर्जा दिला. बाईला मान्यता मिळण्यास किती उशीर होतो पाहा!

जिवंत प्रेषित नेमण्याचे प्रयोगही जगात झाले आहेत. १८३५ या एकाच वर्षी असे दोन प्रयोग झाले. अमेरिकेत मॉर्मन पंथाने बारा प्रेषितांचे मंडळ स्थापन केले, ते आजही चालू आहे. त्याच वर्षी लंडन येथे एका नव्या पंथाने बारा प्रेषित वेगळे केले. पुढे तो 'कॅथोलिक अपोस्टोलिक चर्च' या नावाने ओळखला गेला. या पंथात नव्या सेवकांना दीक्षा देण्याचा अधिकार केवळ प्रेषितांच्या हाती होता, आणि प्रेषितांच्या जागा पुन्हा भरायच्या नाहीत असे ठरले. १९०१ मध्ये शेवटचा प्रेषित वारला. तेव्हापासून नवी दीक्षा थांबली. उरलेले धर्मगुरू म्हातारे होत गेले आणि त्यांतील शेवटचा १९७१ मध्ये वारला. भव्य उपासनामंदिरे उरली, पण त्यांत वेदीपाशी उभा राहणारा कोणी उरला नाही. सारा अधिकार मोजक्या व्यक्तींत साठवला की त्या व्यक्तींबरोबर कामही संपते, हा धडा यातून घेता येईल. याच पंथातून १८६३ मध्ये जर्मनीत फुटून निघालेला गट मात्र नवे प्रेषित नेमत राहिला, आणि 'न्यू अपोस्टोलिक चर्च' म्हणून तो जगभर पसरला.

आज आपल्याकडे जी लाट आली आहे ती बहुतांशी तिसऱ्या प्रकारची आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेतील प्राध्यापक पीटर वॅग्नर यांनी असा विचार मांडला की इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात सांगितलेले प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक व शिक्षक हे पाचही सेवक आजच्या मंडळीत असले पाहिजेत. पाळक व शिक्षक चालतात, मग प्रेषितच का नकोत, हा त्यांचा सवाल तर्काला धरून आहे हे मान्य केले पाहिजे. परंतु व्यवहारात त्याचा अर्थ असा झाला की अनेक मंडळ्यांवर एका व्यक्तीची सत्ता असावी, ती निवडून आलेली नसावी, आणि तिच्यावर पंच किंवा सभा यांचा अंकुश नसावा. परिषदा, दूरचित्रवाणी आणि आता मोबाईल यांच्याद्वारे हा विचार आपल्या खेड्यांपर्यंत येऊन पोहोचला.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. वास्तविक पाहता प्रेषित या शब्दाचा अर्थ शिकण्यासाठी नगरच्या माणसाला अमेरिकेस जाण्याची गरज नाही. लंडन व अमेरिकेत ते प्रेषित नेमले गेले त्याच्या चार वर्षे आधी, म्हणजे १८३१ च्या डिसेंबरात, ग्रेव्हज, हर्वी व रीड हे तीन अमेरिकन मिशनरी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला आले. हर्वी तर पुढच्याच वर्षी येथे कॉलऱ्याने वारले. या लोकांनी शाळा काढल्या, १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' पत्र सुरू केले, गावोगाव मंडळ्या स्थापन केल्या. शब्दाच्या मूळ अर्थाने ते प्रेषित होते. पण ज्या मंडळाने त्यांना पाठवले त्याला दरवर्षी कामाचा आणि खर्चाचा जाब द्यावा लागे, हे विसरता कामा नये.

या मंडळाचे कार्यवाह रूफस अँडरसन यांचे एक मत फार महत्त्वाचे आहे. मिशनऱ्याने पौलाप्रमाणे वागावे, असे ते म्हणत. मंडळी स्थापावी, तेथल्याच माणसाला तिचा पाळक करावे आणि आपण पुढच्या गावी निघून जावे. मंडळी स्वतःचा कारभार स्वतः पाहणारी, स्वतःचा खर्च स्वतः भागवणारी आणि स्वतःच पुढे प्रसार करणारी झाली पाहिजे. १८५४-५५ मध्ये ते स्वतः हिंदुस्थानात येऊन गेले. त्याच सुमारास, १८५४ मध्ये, हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक या दोघांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. मिशन आल्यानंतर तेवीस वर्षांनी! पौल एखाद्या गावी काही महिने, फार तर दोन-तीन वर्षे राहून निघून जाई. येथे मात्र पाठवलेली माणसे शंभर वर्षांहून अधिक काळ राहिली, बंगले बांधले गेले, आणि पगार देणारा व पगार घेणारा असे नाते तयार झाले. त्यांच्या उपकारांची जाणीव ठेवूनही म्हणावेसे वाटते की निघून जाणे हा प्रेषितपणाचा सर्वांत अवघड भाग आहे.

हे सर्वांत तीव्रतेने कोणाला जाणवले असेल तर ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांना. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर नगर हीच त्यांची कर्मभूमी झाली. येथील सेमिनरीत त्यांनी शिकवले, 'ज्ञानोदया'त लिहिले, ख्रिस्ती भक्तीला अभंगाची वाट दाखवली. पण शेवटी, १९१७ मध्ये, त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही तेथे ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून जागा होती. दोनच वर्षांनी, १९१९ च्या मे महिन्यात, त्यांचे निधन झाले. दरबार फार दिवस टिकला नाही हे खरे. परंतु पदवी मिळाल्यावर पगार वाढतो हा जगाचा नियम असताना, पाठवणी झाली म्हणून पगार सोडणारा माणूस याच जिल्ह्याने पाहिला आहे. टिळकांना आपण कवी म्हणतो, रेव्हरंड म्हणतो. प्रेषित कोणी म्हणत नाही, आणि त्यांनीही त्याची वाट पाहिली नाही.

टिळकांचे नाव तरी राहिले. ज्यांची नावेही राहिली नाहीत त्यांचे काय? मिस सिंथिया फॅरार १८२७ मध्ये मुंबईस आल्या, १८३९ पासून १८६२ मध्ये मरेपर्यंत नगरला मुलींच्या शाळा चालवीत राहिल्या. सावित्रीबाई फुले यांनी त्यांच्याकडे अध्यापनाचे शिक्षण घेतल्याचे चरित्रकार सांगतात. आज सावित्रीबाईंच्या निमित्ताने तरी फॅरारबाईंचा उल्लेख होतो. पण त्यांच्यानंतर जिल्ह्यातल्या वाड्यावस्त्यांवर पायी हिंडणाऱ्या बायबलबाया, आणि सकाळी मुलांना धुळाक्षरे शिकवून रात्री भजन घेणारे मिशनचे मास्तर यांचा उल्लेख कोठे होतो? कॅथोलिक गावांतही फादर महिन्यातून एकदा घोड्यावरून येत. उरलेले दिवस प्रार्थना चालवणारा मास्तरच असे. माझी आजी नेवासे तालुक्यातील तिच्या माहेरी येणाऱ्या एका बायबलबाईची आठवण सांगते. ती बाई बाळंतिणीला पेज करून घालायची, लिहिता न येणाऱ्यांची पत्रे लिहून द्यायची आणि जाताना पिशवीत कोणी ज्वारी टाकली तर त्यातली निम्मी वाटेतल्या घरी उतरवायची. आजीला तिचे आडनाव आठवत नाही. लोक तिला नुसते 'बाई' म्हणत. डिडाखे ग्रंथाच्या कसोट्या या बाईला लावून पाहा. ती येत होती, कामापुरती थांबत होती, पुढच्या मुक्कामापुरतेच घेत होती आणि निघून जात होती.

येथवर वाचून कोणी म्हणेल, ही मुलगी जुन्या मंडळ्यांची वकिली करते आहे. तसे नाही. नव्या प्रेषितांकडे लोक का जातात याचाही प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे. १९७० मध्ये उत्तर भारत मंडळी स्थापन झाली आणि ज्यांच्याकडे पूर्वी बिशप नव्हते अशा आपल्याकडील मंडळ्याही बिशपांच्या व्यवस्थेखाली आल्या. १९८७ मध्ये कॅथोलिकांचा नाशिक धर्मप्रांत वेगळा झाला आणि आपला जिल्हा त्यात आला. व्यवस्था मोठ्या झाल्या, त्यांची कार्यालये झाली, मालमत्तेचे वाद झाले. या धबडग्यात पाच-पंचवीस घरांच्या वस्तीकडे वर्षातून दोनदा नाताळ आणि पुनरुत्थानदिनी येणारा पाळक लोकांना आपला कसा वाटावा? रात्री अकरा वाजता आजाऱ्यासाठी प्रार्थना करायला जो येतो तो लोकांचा. हे नवे सेवक येतात. रडणाऱ्याबरोबर रडतात, दारू सोडवतात, तुटलेला संसार जोडून देतात. हे काम खोटे म्हणण्याचा मला अधिकार नाही.

दुसरे असे की पदवीची भूक ही नेहमीच पोकळ नसते. माझ्या आजोबांना गावात आयुष्यभर एकेरी हाक मारली गेली. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर आपल्या जिल्ह्यात जे हजारो लोक ख्रिस्ती झाले त्यांतील बहुसंख्य अशाच घरांतले होते. त्या घरातला मुलगा 'मास्तर' झाला, 'पाळकसाहेब' झाला, तेव्हा साऱ्या वस्तीची मान वर झाली. आमच्या घरात बारावीच्या पुढे शिकणारी मी पहिलीच. उद्या माझ्या नावापुढे बी. ए. ही दोन अक्षरे लागतील तेव्हा आई ती शेजारणीला दहा वेळा सांगेल, आणि मला ते आवडेल. मग सेमिनरीत जाण्याइतके शिक्षण नसलेल्या, पण मनापासून सेवा करणाऱ्या एखाद्या तरुणाला नावापुढे काही असावेसे वाटले तर त्यात त्याचा काय दोष? जुन्या मंडळ्यांनी पदवीशिवाय कोणाला जवळ केले नाही, म्हणून त्याने स्वतःची पदवी स्वतः शोधली. दोष दोन्हीकडे आहे.

पण भूक समजली तरी विष पोटात घालता येत नाही. बी. ए. ची पदवी आणि ही पदवी यांत एक मोठा फरक आहे. माझी उत्तरपत्रिका मला न ओळखणारा कोणी तपासणार आहे. प्रेषिताची उत्तरपत्रिका कोण तपासतो? आमच्या भागातील एका स्वतंत्र मंडळीत माझ्या वडिलांनी सभेत साधा प्रश्न विचारला होता. बांधकामासाठी जमलेल्या वर्गणीचा हिशेब फळ्यावर लावावा, एवढेच त्यांचे म्हणणे. त्यांना उत्तर मिळाले की देवाच्या अभिषिक्तावर बोट उचलणाऱ्याच्या घरी आशीर्वाद राहत नाही. वडील ऊसतोडीच्या हंगामात राबून आणलेल्या पैशांतून दशांश देत होते. त्या दिवसापासून आईला भीती बसली. घरात कोणाला ताप आला की तिला ते वाक्य आठवते. हिशेब मागणाऱ्याला शापाची भीती दाखवणे हे कोणत्या प्रेषिताने केले? पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा कोणी संशय घेऊ नये म्हणून ती नेताना मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर घेतली होती. हेही त्याच करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात आहे.

तशीच गोष्ट औषधपाण्याची. प्रार्थनेने धीर येतो, हे मी माझ्या घरात अनुभवले आहे. परंतु प्रार्थना केली म्हणून गोळ्या बंद करा असे जो सांगतो, त्याच्या नावापुढे कोणतीही पदवी असो, त्याला थांबवले पाहिजे. ज्या जिल्ह्यात मिशनने दवाखाने काढले त्या जिल्ह्यात तरी हे निराळे सांगावे लागू नये.

या संदर्भात आपल्या मातीतील एक परंपरा आठवते. याच जिल्ह्यातील नेवासे येथे ज्ञानेश्वरांनी गीतेवरील आपली टीका सांगितली. ज्ञानेश्वर, नामदेव, चोखामेळा, जनाबाई, तुकाराम यांना आपण 'संत' म्हणतो. पण त्यांनी अभंगाच्या शेवटी स्वतःला काय म्हटले? नामा, चोखा, जनी, तुका. नुसते नाव, तेही एकेरी. 'संत' हा शब्द लोकांनी मागून लावला, आणि तो लावायला कोणत्याही पीठाची संमती घेतली नाही. टिळक तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत, ते उगीच नव्हे. ज्या महाराष्ट्रात मोठेपण एकेरी नावात सामावते, त्या महाराष्ट्रातील ख्रिस्ती माणसाला प्रेषितपणाची ओळख फलकावरच्या अक्षरांवरून पटवून घ्यावी लागावी, हे मला विचित्र वाटते.

मग आजच्या मंडळीत प्रेषित असावेत की नसावेत? माझे मत असे की काम असावे, पदवी नसावी. जेथे कोणी जात नाही तेथे जाणारे, नवी मंडळी उभी करून तिच्याच माणसांच्या हाती सोपवणारे आणि पुढे जाणारे लोक आजही हवे आहेत. ऊसतोडणी कामगारांच्या कोप्यांवर, वीटभट्ट्यांवर, पुण्या-मुंबईच्या झोपडपट्ट्यांत गेलेल्या आपल्याच गावकऱ्यांकडे कोणाला तरी पाठवले पाहिजे. परंतु अशा माणसाची ओळख पटवताना मंडळीने तीन प्रश्न अवश्य विचारावेत. तुला कोणी पाठवले, आणि ते पाठवणारे तुला परत बोलावू शकतात काय? जमाखर्च तू कोणाला दाखवतोस? आणि येथून तू केव्हा निघणार, तुझ्यामागे हे काम कोण पाहणार? या तिन्हींची सरळ उत्तरे देणाऱ्याला लोक काय म्हणायचे ते म्हणतील. उत्तराऐवजी जो शाप देतो त्याला नम्रपणे दार दाखवावे. इफिसकरांनी तेच केले होते.

जुन्या मंडळ्यांनाही एक विनंती आहे. वस्तीवर प्रार्थना चालवणाऱ्या न शिकलेल्या माणसाला आणि विशेषतः बाईला, पंचांसमोर उभे करून, चार महिन्यांचे का होईना शिक्षण देऊन, सेवक म्हणून मान्यता द्या. तिचे नाव मंडळीच्या वहीत लिहा. घरातल्याला मान मिळाला तर तो बाहेर पदवी शोधायला जाणार नाही.

आणि शेवटी आपण विद्यार्थी काय करू शकतो? आपल्या महाविद्यालयात इतिहास विभाग आहे. दरवर्षी कसला ना कसला प्रकल्प करावाच लागतो. जिल्ह्यातील प्रत्येक जुन्या मंडळीत बाप्तिस्म्याच्या व लग्नाच्या नोंदवह्या आहेत, आणि प्रत्येक गावात ऐंशीच्या पुढची दोन-चार माणसे आहेत. पाळकांची परवानगी काढून, सुटीत आपापल्या गावी जाऊन, तेथे काम केलेल्या बायबलबायांची आणि मास्तरांची नावे, गावे व वर्षे आपण टिपून आणली तर पुढच्या अंकात एक यादी छापता येईल. आजीच्या त्या बाईचे आडनाव मी शोधायला सुरुवात केली आहे. आपल्यापैकी कोणाच्या घरी अशी आठवण असेल तर त्यांनी मला अवश्य सांगावी.